भुलेतील रक्तदाबाचा तोल

शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक शल्यचिकित्सकाची कसून चौकशी करतात. भूल कोण देणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञाची असते.

प्रोपोफॉलसारखे औषध शिरेतून दिले की रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी होतो आणि दोन-चार मिनिटांतच रक्तदाब उतरू लागतो. वृद्धांमध्ये किंवा शरीरातील पाणी कमी झालेल्या रुग्णांत ही घसरण अधिक असते. त्यामागोमाग श्वासनलिकेत नळी घालताना चित्र नेमके उलटते. घशाला होणाऱ्या स्पर्शाने मज्जासंस्था उद्दीपित होऊन ठोके व रक्तदाब दोन्ही उसळतात. निरोगी माणूस हे सहज सोसतो. हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णाला मात्र ते धोक्याचे ठरते, कारण वेगाने धडधडणाऱ्या हृदयाला प्राणवायू जास्त लागतो आणि दोन ठोक्यांमधील, त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळण्याचा अवधी कमी होतो. म्हणून नळी घालण्यापूर्वी फेंटानिलसारखे वेदनाशामक किंवा गरजेप्रमाणे एस्मोलॉल हे अल्पकाळ टिकणारे औषध दिले जाते.

शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर आकडा बदलला की लगेच औषध टोचले जाते, असा समज असल्यास तो चुकीचा आहे. रक्तदाब वाढला तर भूल हलकी झाली आहे का, वेदनाशामक अपुरे पडते आहे का, हे आधी पाहिले जाते. तो घसरला तर रक्तस्राव, प्रमाणाबाहेर गाढ झालेली भूल किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी अशी कारणे तपासावी लागतात. तोवर शिरेतून द्रव आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधे आधार देतात. त्यातही निवड असते : फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवते, पण ठोके मंदावू शकते, एफेड्रिन दोन्ही वाढवते. कधी शल्यचिकित्सकाचा हातच कारण असतो. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला जाताच किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताना ठोके एकाएकी मंदावतात. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे शल्यचिकित्सकाला थांबायला सांगणे, ॲट्रोपिन त्यानंतर.

किती रक्तदाब पुरेसा, याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. १२०/८० रक्तदाब असलेल्या व्यक्तीचा सरासरी दाब सुमारे ९३ असतो. भुलेत तो ६५ च्या खाली बराच वेळ राहिल्यास मूत्रपिंड व हृदयाला इजा होण्याची शक्यता वाढते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. जुन्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णाची इंद्रिये मात्र वरच्या दाबाला सरावलेली असतात. त्याला ६५ देखील अपुरे पडू शकते. म्हणून रुग्णाचा नेहमीचा आकडा भूलतज्ज्ञाला ठाऊक असणे अगत्याचे.

नियमित गोळ्यांचेही तसेच. बीटा-ब्लॉकर गटातील चालू औषध सहसा बंद करत नाहीत, ते अचानक थांबवल्यास हृदयावर ताण येतो. उलट, ते पूर्वी न घेणाऱ्यांना शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्याने सुरू करणेही हितकारक नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉइज' या मोठ्या चाचणीत मेटोप्रोलॉल दिलेल्यांमध्ये हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात व मृत्यू वाढले. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या भुलेत रक्तदाब फार उतरवू शकतात, त्यामुळे त्या अनेकदा आदल्या दिवशी थांबवल्या जातात. मात्र हा निर्णय डॉक्टरांचा. रुग्णाने परस्पर घेण्याचा नव्हे.

भूल उतरतानाही नळी काढताना ठोके पुन्हा वाढतात. नंतरच्या निरीक्षण कक्षात रक्तदाब चढला तर भूलतज्ज्ञ आधी वेदना, थंडी आणि श्वास पाहतो. कित्येकदा कारण अगदी साधे निघते : भरलेले मूत्राशय.