आधी खोरं, मग डाव

बंडी काढा, मनगटावरचं घड्याळही. आता अंगावर उरला लंगोट, आणि मार्गशीर्षाची थंडी अशी की शड्डू ठोकला तर आपलीच मांडी चुरचुरते. माळेगावच्या खंडोबाची यात्रा आहे, काळ तुमच्या पणजोबांचा. गाव तेव्हा कंधार तालुक्यात मोडायचं. परवा रात्रभर बैलगाडीत हादरत आलात. कंबर कुस्तीआधीच चितपट. कालचा दिवस फड खणण्यात गेला.

आता फडाकडे चला, लाल कंधारी बैलांच्या दावणीतून. शेण, कडबा, तळणीचं तेल, भंडारा, सगळे वास एकदम नाकात शिरतात. घोड्यांच्या मागून तेवढं जाऊ नका. हलगी पोटात वाजतेय. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या संपल्या, आता निजामाच्या हाली रुपयांवरच्या. म्हणजे तुमची.

समोरचा तुमच्या दीडपट. घाबरलात? वाका, चिमूटभर माती कपाळाला लावा. तालीम आठवेल. मातीत मुरलेलं तेल, ताक, हळद. तिथं वस्तादांनी पहिला महिना एक डाव शिकवला नाही. पहाटे अंधारात हातात खोरं दिलं. तळहाताला फोड आले तेव्हा म्हणाले, “माती मऊ कर लेका. पडायचं तुलाच हाय. अन् दुसऱ्याला पाडशील, तवा त्याचंबी हाड मोडाया नाय पायजे.”

हीच शिकवण दूर जपानातही भेटते. 1882 साली तोक्योच्या एइशोजी मंदिरात बारा चटया अंथरून कानो जिगोरोंनी ज्युदो शिकवायला घेतला. ज्युदोतही आधी पडायलाच शिकवतात. आपल्यासोबत समोरच्याचंही भलं व्हावं, हे कानोंनी तत्त्व म्हणून मांडलं. आमच्या वस्तादांनी ते खोऱ्यावर भागवलं, आणि मला विचाराल तर काही कमी नाही सांगितलं.

तो ढकलतोय. ढकलू द्या! ताठलात की गेलात. त्याच्याच जोरावर त्याला पुढं ओढा... अरेरे, उशीर केलात. ढाक बसली. पागोटी खाली, आभाळ वर, आणि पाठ धप्पकन मातीत.

गर्दी ओरडते, हलगी पुढच्या जोडीसाठी वळते. जिंकलेला गडी हात देऊन तुम्हाला उठवतो. वस्ताद पाठीवरची माती झटकतात, बोटांत चुरून बघतात. “बारीक खणली व्हती, म्हून वाचलास.”

गाडी पहाटे कंधारला पोचेल. घरी जाऊन झोपू नका, थेट तालमीत या. खोरं दाराआडच असतं.