कूर्स बिअर उद्योग : दीडशे वर्षांचा व्यवसाय, दहा वर्षांचा बहिष्कार

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन या गावी १८७३ मध्ये अडॉल्फ कूर्स आणि जेकब श्यूलर यांनी बिअरचा कारखाना सुरू केला. जर्मनीतून आलेल्या कूर्स यांचे भांडवल २,००० डॉलर, तर श्यूलर यांचे १८,००० डॉलर होते. १८८० मध्ये कूर्स यांनी भागीदाराचा हिस्सा विकत घेतला आणि उद्योग कुटुंबाच्या हाती आला.

कोलोरॅडोत १९१६ पासूनच दारूबंदी लागू झाली. देशव्यापी बंदी उठेपर्यंत, म्हणजे १९३३ पर्यंत, माल्टयुक्त दूध आणि चिनी मातीच्या वस्तू यांच्या उत्पादनावर कंपनी तग धरून राहिली. १९५९ मध्ये तिने बिअरसाठी ॲल्युमिनियमचा डबा बाजारात आणला. रिकामा डबा परत करणाऱ्यास एक सेंट दिला जाई. त्या काळी विक्री पश्चिमेकडील मोजक्या राज्यांपुरती मर्यादित होती. ही बिअर पाश्चरीकरण न करता थंड ठेवावी लागे. इतर राज्यांत सहजासहजी न मिळाल्याने तिचे आकर्षण उलट वाढले.

कामगारांशी असलेले संबंध मात्र तणावाचे राहिले. १९५७ मध्ये कारखान्यात दीर्घ संप झाला. वंश, लिंग व लैंगिकतेवरून नोकरीत भेदभाव होत असल्याचा आरोप करीत मेक्सिकन वंशाच्या नागरिकांच्या तसेच समलिंगी समुदायाच्या संघटनांनी बहिष्कार पुकारला. सॅन फ्रान्सिस्कोत हार्वी मिल्क यांनी बिअर वाहतूक करणाऱ्या चालकांच्या संघटनेला साथ दिली. समलिंगी व्यक्तींनाही चालकाची नोकरी मिळावी, ही त्या सहकार्यामागची अट होती.

५ एप्रिल १९७७ रोजी स्थानिक शाखा क्रमांक ३६६ चे सुमारे दीड हजार कामगार संपावर गेले. सेवाज्येष्ठतेचे हक्क आणि असत्यशोधक यंत्राद्वारे होणारी चाचणी हे वादाचे मुख्य विषय होते. चाचणीत खासगी आयुष्याविषयी प्रश्न विचारले जातात, अशी कामगारांची तक्रार होती. चोरी व घातपात रोखण्यासाठी ती आवश्यक असल्याचे व्यवस्थापन सांगत होते. कंपनीने बदली कामगार नेमले, अनेक संपकरीही कामावर परतले. डिसेंबर १९७८ मध्ये कारखान्यातील कामगारांनी संघटनेचे प्रतिनिधित्व रद्द करण्याच्या बाजूने मतदान केले.

कारखान्यात हरलेला लढा दुकानांत आणि मद्यालयांत मात्र चालू राहिला. एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने १९७७ मध्ये पुकारलेला देशव्यापी बहिष्कार दहा वर्षे टिकला. पूर्वेकडील राज्यांत विस्तारू पाहणाऱ्या कंपनीला तो जाचक ठरला. ऑगस्ट १९८७ मध्ये समझोता होऊन बहिष्कार मागे घेण्यात आला आणि नव्या संघटनेसाठी मतदानाचा मार्ग मोकळा झाला. १९८८ मध्ये झालेल्या त्या मतदानात बहुसंख्य कामगारांनी टीमस्टर्स संघटनेला नकार दिला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बहुतेक खासगी आस्थापनांत अशा चाचण्यांवर बंदी घालणारा कायदा केला.

कॅनडाच्या मोल्सन कंपनीशी २००५ मध्ये विलीनीकरण झाल्यापासून हा उद्योग मोल्सन कूर्स या नावाने ओळखला जातो.