आंबोली घाटातून एका दिवसात दोनशे किलोमीटर: हे सायकलवाले नेमकं करतात काय?

थंडी पडली की भल्या पहाटे हेल्मेट घातलेले, अंगात चमकणारं जाकीट आणि मागे लाल लाईट लावलेले सायकलवाले रस्त्याला दिसायला लागतात. टपरीवर थांबतात, चार केळी खातात, हातातल्या कार्डावर शिक्का मागतात आणि निघून जातात. शर्यत म्हणावी तर एकमेकांना मागं टाकायची घाई कुणालाच नसते.

या प्रकाराला ब्रेव्हे म्हणतात. शब्द फ्रेंच. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या जोरावर कापायचं, यात पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. जेवण, पंक्चर, झोप सगळं त्यातच. जगातली सगळ्यात नावाजलेली राईड पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १२०० किलोमीटर, ९० तास, दर चार वर्षांनी. मागची २०२३ ला झाली, भारतातलेही बरेच जण गेले होते.

शिक्का मागतात तो वाटेत अमुक ठिकाणी अमुक वेळेला पोचल्याचा पुरावा म्हणून. कधी दुकानाचं बिल नाहीतर एटीएमची पावतीही चालते. तेव्हा कुणी सही मागितली तर बिचकायचं कारण नाही.

आपल्याकडं असा दिवस काढायचा तर संकेश्वर-बांदा रस्त्यासारखा रस्ता नाही. गडहिंग्लजहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत बांद्याला जाऊन परत यायचं म्हटलं तर ढोबळमानानं दोनशे किलोमीटर भरतात. आजऱ्यापर्यंत ऊस आणि भात, घनसाळ तांदळाचा मुलूख. पुढं काजू आणि मग दाट झाडी. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. तिथून दाणोलीपर्यंत नुसता उतार. उतरताना ब्रेक दाबून धरायचा नाही, थोडा दाबायचा, थोडा सोडायचा. धरून ठेवला तर रिम तापते, ट्यूब फुटते. खरी परीक्षा परतीला. तोच घाट भर दुपारी चढायचा असतो, तेव्हा बाटलीतलं पाणी दाणोलीतच भरून घेतलेलं बरं. नुसतं पाणी नको, मीठ-साखर-लिंबू पाहिजे. पावसाळ्यात धुकं आणि दरडींमुळं हा घाट सायकलला नकोच.

गावातल्या पंक्चरवाल्यांसाठी एक गोष्ट. या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा बारीक असतो, आपल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. छोटा पितळी अॅडॉप्टर मिळतो, तो दुकानात ठेवला तर काम भागतं.

पहाटे पाचला निघालेला गडी साडेतेरा तास मोजले तर संध्याकाळी साडेसहाला परत पाहिजे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो. म्हणजे आजरा ते गडहिंग्लज हा शेवटचा पट्टा अंधारात, दमलेल्या पायांनी. नेमकं तेव्हाच गवे रानातून पिकात उतरतात. मोटरसायकलचा आवाज गव्याला लांबून कळतो, सायकलचा कळत नाही, त्यामुळं अगदी जवळ गेल्यावर दोघंही दचकतात. गवा दिसला की थांबायचं, घंटी वाजवायची नाही, त्याला वाट मोकळी सोडायची. हत्तीची खबर असेल तर पुढं जायचंच नाही, गावातच थांबायचं. वनविभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६.

पण गव्यापेक्षा जास्त धोका ऊसाच्या ट्रॉलीचा. गळीत हंगाम आणि सायकलींचा हंगाम एकच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला ना लाईट ना रिफ्लेक्टर, वर बाहेर आलेला ऊस. रस्त्याकडेला चाक बदलायला उभी असली तर अंधारात दिसत नाही. यात सायकलवालाच मरतो असं नाही, गावातला दुधाची किटली घेऊन जाणाराही मरतो. ट्रॉलीमागं लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायला फार खर्च येत नाही. तो नसेल तर ट्रॉली उभी करताना मागं वीस-पंचवीस पावलांवर झाडाची फांदी तरी टाकावी.

गावातल्या पोरांनी करायचं म्हटलं तर लाखाची सायकल लागत नाही. गिअरची साधी सायकलही चालते. आधी आठवड्याला पन्नास, मग शंभर असा सराव करावा. पुढं पांढरा, मागं लाल लाईट, अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट आणि दोन जादा ट्यूब हे मात्र पाहिजेच. घाटात काही ठिकाणी रेंज जाते, म्हणून कुठून किती वाजता निघालो हे घरी आधीच सांगून ठेवावं. अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.