उजेडाची किंमत : वेस्ट इंडीजच्या दीपगृहांची कथा

सायंकाळी घरात दिवा लागला की हात जोडण्याची आपली रीत आहे. दिवा हे मंगलाचे चिन्ह. त्याला कोणी वैरी असेल ही कल्पनाही आपल्या मनाला शिवत नाही. त्यातून तो दिवा जर खडकाळ किनाऱ्यावर, परक्या खलाशांचे प्राण वाचवण्यासाठी लावलेला असेल, तर त्याला विरोध कोण करील? परंतु इतिहासाचे म्हणणे वेगळे आहे. 1860 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बहामा बेटांतील होप टाउन नावाच्या गावाशेजारी दीपगृह बांधावयास घेतले, तेव्हा गावकऱ्यांना ते मुळीच नको होते. गावाच्या नावाचा अर्थ 'आशेचे गाव', आणि गावकऱ्यांची आशा मात्र काळोखावर! हा विरोध निव्वळ दुष्टपणाचा होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तसे वाटत नाही. त्यामागे पोटाचा प्रश्न होता, आणि तो समजून घेण्यासाठी आधी तो समुद्र समजून घेतला पाहिजे.

नकाशावर क्यूबाच्या उत्तरेस आणि फ्लॉरिडाच्या पूर्वेस दृष्टी टाकली, तर सुमारे 700 बेटे आणि त्यांहून कितीतरी अधिक खडक व वाळूचे उंचवटे विखुरलेले दिसतात. हीच बहामा बेटे. कॅरिबियन समुद्रात शिरण्याच्या आणि तेथून बाहेर पडण्याच्या कित्येक वाटा या बेटांच्या फटींतून जातात. बेटे चुनखडीची आणि अतिशय ठेंगणी. त्यांच्याभोवती मैलोगणती उथळ पाणी पसरलेले असून त्याची खोली पुष्कळ ठिकाणी 10 मीटरदेखील नाही. आणि या उथळ पठाराची कड जेथे संपते, तेथून समुद्र एकाएकी हजारो मीटर खोल जातो. खलाशाच्या दृष्टीने यासारखी फसवी जागा नाही. एरवी किनारा जवळ आला की शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मापता येते, आणि तळ वर येऊ लागला की जहाज वळवता येते. येथे दोरीला तळ लागतो न लागतो तोच जहाजाची कणा पोवळ्यांच्या खडकावर चढलेला असतो. शिवाय फ्लॉरिडा आणि बहामा यांच्यामधून 'गल्फ स्ट्रीम' हा प्रचंड प्रवाह उत्तरेकडे धावतो. त्या ओढीत जहाज रात्रीतून कोठच्या कोठे जाते. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस येणारी चक्रीवादळे तर वेगळीच.

या समुद्राच्या लेखी इतिहासाचा आरंभच एका दिव्याने होतो. 11 ऑक्टोबर 1492 च्या रात्री दहाच्या सुमारास कोलंबसाला दूर अंधारात मेणबत्तीच्या ज्योतीसारखा वरखाली होणारा उजेड दिसल्याची नोंद आहे. प्रत्यक्ष जमीन दिसली ती त्यानंतर चार तासांनी, 'पिंटा' जहाजावरच्या एका खलाशाला. प्रथम जमीन पाहणाऱ्यास स्पेनच्या राजाराणीने सालिना 10,000 माराव्हेदी नाण्यांचे बक्षीस जाहीर केले होते. कोलंबसाने आपल्या त्या उजेडाच्या आधारावर बक्षीस स्वतःकडे घेतले आणि बिचारा खलाशी कोरडाच राहिला! दिवा कोणाचा आणि त्याचा लाभ कोणाला, हा आजच्या आपल्या विषयातला प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहिला होता.

त्यानंतर अडीच महिनेही झाले नाहीत, तोच नाताळच्या आदल्या रात्री कोलंबसाचे मुख्य जहाज 'सांता मारिया' हैतीच्या उत्तर किनाऱ्याजवळ रुतले. वारा पडला होता, समुद्र शांत होता, आणि सुकाणू एका पोरसवदा खलाशाच्या हाती होते. तेथला ताइनो लोकांचा प्रमुख ग्वाकानागारी याने आपली माणसे व होड्या पाठवून जहाजावरचा सारा माल किनाऱ्यावर आणून दिला, आणि त्यातली एकही वस्तू गहाळ झाली नाही, अशी ग्वाही कोलंबसानेच दिली आहे. या भागातली बुडत्या जहाजावरचा माल वाचवण्याची ही पहिली लेखी हकीकत. तीत मोबदल्याचा सौदा नव्हता. या उपकाराची फेड युरोपाने कशी केली, ते सर्वश्रुत आहे. बहामातील मूळ रहिवाशांना गुलाम करून खाणींत आणि शेतांत राबवण्यात आले, आणि तीसएक वर्षांतच ती बेटे जवळजवळ ओस पडली.

पुढे स्पेनची सोन्यारुप्याने भरलेली गलबते याच वाटेने मायदेशी जाऊ लागली आणि खडकांची भूक वाढली. 1641 मध्ये 'कॉन्सेप्सिऑन' हे जहाज हिस्पानिओला बेटाच्या उत्तरेकडील खडकांत फुटले. 1687 मध्ये विल्यम फिप्स या धाडसी माणसाने पाणबुडे लावून त्यातली चांदी बाहेर काढली आणि इंग्लंडच्या राजाकडून 'सर' ही पदवी मिळवली. त्या उथळ भागाला आजही 'सिल्व्हर बँक' म्हणजे चांदीचा उथळा म्हणतात. दुसऱ्याचे बुडाले की आपले तरते, हा धडा साऱ्या अटलांटिक किनाऱ्याने फिप्सपासून घेतला.

शास्त्र स्वस्थ बसले होते असे नाही. भर समुद्रात जहाजाचे रेखांश कसे ओळखावे या कोड्याचे उत्तर जॉन हॅरिसन या सुतार-घड्याळजीने शोधले. त्याच्या घड्याळाची मोठी कसोटी इंग्लंड ते जमेका या प्रवासातच लागली. जानेवारी 1762 मध्ये त्याचा मुलगा विल्यम जमेकास पोहोचला तेव्हा, ठरलेला दैनिक फरक जमेस धरता, घड्याळ अवघे पाच सेकंद मागे पडले होते. पण घड्याळे महाग होती. आणि आपण नकाशावर कोठे आहो हे दुपारी कळले, तरी रात्री प्रवाहाने आपल्याला कोठे नेले हे घड्याळ सांगत नाही. ते सांगायला किनाऱ्यावर दिवाच हवा.

तो दिवा नसल्यामुळे किनाऱ्यावर एक धंदा उभा राहिला होता. फुटलेल्या जहाजावरचा माल काढणाऱ्या या लोकांना इंग्रजीत 'रेकर' म्हणत. त्यांना चाचे समजणे चूक होईल. त्यांच्याजवळ सरकारी परवाने असत. फुटलेल्या जहाजाशी जो प्रथम पोहोचेल तो त्या कामाचा मुख्य. आधी माणसे वाचवायची, मग माल. तो माल नासाऊ या राजधानीत आणून लिलावात काढायचा, त्यातला ठरीव हिस्सा माल काढणाऱ्यांना मिळायचा, आणि सरकार त्यावर जकात घ्यायचे. 1850 नंतरच्या दशकात बहामाची लोकसंख्या सुमारे 27,000 असताना सुमारे 300 गलबते आणि अडीच हजारांवर माणसे या परवान्यांवर काम करीत होती. वादळात पोवळ्यांच्या खडकांमधून होडी घालणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. शेकडो खलाशी आणि उतारू यांचे प्राण या लोकांनी वाचवले. खोटे दिवे दाखवून ते जहाजे खडकावर आणतात, असा आरोप त्यांच्यावर नेहमी होई. तो सिद्ध मात्र क्वचितच झाला. मुद्दाम खोटा दिवा लावण्याची गरजही नव्हती. खरा दिवा नसला म्हणजे काम भागत होते.

या खडकांनी आणखी एक विलक्षण गोष्ट केली, आणि ती सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे गुलाम विक्रीस नेणारी जहाजे याच भागातून जात. 1830 च्या अखेरीस 'कॉमेट' हे जहाज 164 गुलामांसह अबाको बेटाजवळच्या खडकावर आदळले. माल काढणाऱ्यांनी सर्वांना नासाऊस आणले, आणि तेथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्या गुलामांना मुक्त केले. 1834 मध्ये 'एन्कोमियम' आणि 1840 मध्ये 'हर्मोसा' या जहाजांवरच्या गुलामांचेही असेच झाले. अमेरिकेतल्या मालकांनी भरपाईसाठी आकांत केला, दोन सरकारांत वर्षानुवर्षे पत्रापत्री झाली, आणि पहिल्या दोन जहाजांबद्दल ब्रिटनने पैसे मोजलेही. पण सुटलेली माणसे सुटली. जहाजाच्या मालकाच्या हिशेबात जे नुकसान, ते त्याच्या तळघरातल्या माणसाचे स्वातंत्र्य ठरले! संकट कोणाचे, हे विचारल्याशिवाय 'संकट' या शब्दाला अर्थ नाही.

असो. वाफेची जहाजे वाढली, व्यापार वाढला, आणि लंडनच्या विमेवाल्यांना व जहाजमालकांना हा काळोख परवडेनासा झाला. दीपगृहांचे युग येथून सुरू होते. लंडनचा अभियंता अलेक्झांडर गॉर्डन याने ओतीव लोखंडाची दीपगृहे तयार करण्याची युक्ती काढली. बुरुजाचे तुकडे इंग्लंडात ओतायचे, जहाजात भरायचे आणि बेटावर नेऊन बोल्टांनी जोडायचे. जमेकाच्या पूर्व टोकावर मोरँट पॉइंट येथे 1841-42 मध्ये असा सुमारे शंभर फुटी बुरुज उभा राहिला. तो उभारण्याचे कष्ट आफ्रिकेतून स्वतंत्र मजूर म्हणून आलेल्या क्रू जमातीच्या लोकांनी केले. देखरेख करणारा तरुण अभियंता होता जॉर्ज ग्रोव्ह. हाच पुढे पाश्चात्त्य संगीताच्या जगप्रसिद्ध कोशाचा संपादक झाला! गॉर्डनचाच आणखी एक लोखंडी बुरुज 1852 मध्ये ग्रँड टर्क बेटावर लागला. बहामांत तर 1836 ते 1887 या अर्धशतकात ब्रिटिशांनी अकरा मोठी दीपगृहे बांधली. त्यातले अखेरचे सान साल्वादोर बेटावर आहे. कोलंबस प्रथम उतरला ते हेच बेट, असे पुष्कळ विद्वान मानतात.

या दिव्यांचा खर्च लंडनने सोसला, कारण गरज तेथल्या व्यापाराची होती. आता होप टाउनकडे वळू. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेली काही कुटुंबे 1785 च्या सुमारास येथे आली. जमीन नापीक, पाऊस लहरी. समुद्र देईल ते खायचे. गावासमोरच एल्बो नावाची खडकांची रांग, आणि तिच्यावर फुटणारी जहाजे हेच गावाचे पीक. अशा गावात सरकारी माणसे येऊन बुरुज बांधू लागली. गावकऱ्यांनी कामावरच्या मजुरांना पिण्याचे पाणी नाकारले, सामानाच्या होड्यांना अपाय केला, असे तेथे परंपरेने सांगतात. पण काम थांबले नाही. 1864 मध्ये दिवा लागला आणि गावाचे पीक हळूहळू करपले.

हा दिवा आहे तरी कसा? फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेल याने 1823 मध्ये आपले नवे भिंग प्रथम दीपगृहात बसवले. एकच जाडजूड काच न वापरता काचेच्या अनेक कड्या अशा रचायच्या की, चहूकडे वाया जाणारा उजेड वळून एका झोतात क्षितिजाकडे जावा. बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यात घडलेले असे भिंग होप टाउनला 1936 मध्ये बसवले गेले. ते पाऱ्याच्या कुंडात तरंगते, म्हणून काही टनांचे ते ओझे हलक्या हातानेही फिरते. त्याला गती देते ती घड्याळासारखी वजनांची रचना. वजने खाली उतरत जातात, आणि दर दोनएक तासांनी कोणीतरी ती हाताने वर ओढावी लागतात. ज्योत केरोसिनच्या वाफेची. म्हणजे एकशे एक पायऱ्या चढून रात्रभर जागणारा माणूस नसेल, तर हे सारे शास्त्र आंधळे!

आणि हा माणूस कोण? गावागावांतले तरुण पुढे दीपगृहांच्या नोकरीत गेले. ज्यांच्या आजोबांना काळोख हवा होता, त्यांची नातवंडे दिव्याची काच पुसू लागली. इतरांनी समुद्रातून स्पंज काढण्याचा धंदा धरला. तो काही दशके उत्तम चालला, पण 1938 मध्ये रोगाने स्पंज मेले आणि तीही वाट बुजली. 1973 मध्ये बहामा स्वतंत्र झाले आणि दीपगृहे नव्या राष्ट्राकडे आली. पुढे यंत्रावर चालणारे दिवे बसवण्याची टूम निघाली, तेव्हा होप टाउनचा जुना, हाताने ओढायचा दिवा राहिला पाहिजे म्हणून धडपड करण्यात गावकरीच पुढे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगात असे दिवे जवळजवळ उरले नव्हते. हा मात्र टिकला. 1 सप्टेंबर 2019 रोजी 'डोरियन' चक्रीवादळ प्रथम येऊन आदळले ते याच बेटावर, ताशी सुमारे 295 किलोमीटर वेगाने. आजूबाजूची घरे जमीनदोस्त झाली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तो बुरुज उभा राहिला.

या कथेतून तात्पर्य काय घ्यावयाचे? दिवा लावू नये, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. एका खलाशाचा प्राण गावभरच्या लिलावापेक्षा मोलाचा आहे. परंतु लोककल्याणाचे प्रत्येक काम कोणाच्या तरी चुलीवरून जाते, हेही तितकेच खरे. धरण बांधा, रस्ता काढा, यंत्र आणा. ज्याचे जुने पोट त्याने बुडते, तो ओरडणारच. त्याला अडाणी म्हणून बाजूस सारणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. लंडनने होप टाउनला दिवा दिला, पण बुडालेल्या धंद्याच्या जागी दुसरा धंदा दिला नाही. तो गावाला स्वतःच्या हिमतीने शोधावा लागला. तरीही त्याच गावाने तो परका दिवा अखेर आपला मानला आणि राखला, हे त्या साध्या माणसांचे मोठेपण आहे. उजेड करणाऱ्याने, त्या उजेडाची किंमत कोण भरीत आहे, तेही त्याच उजेडात पाहिले पाहिजे.