तळटीप ७ : ‘खत’

७. खत : मूळ इंग्रजी मजकुरात येथे ‘मॅन्युअर’ हा शब्द आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालू लागले. त्या काळच्या इंग्रजी लेखनात ‘मॅन्युअर’ म्हणजे शेणखत, सोनखत, कंपोस्ट यांपैकी काहीही असू शकते. नेमके कोणते, हे संदर्भावरून ठरवावे लागते. मगनवाडीची मंडळी जवळच्या सिंदी गावात बादल्या घेऊन रस्त्याकडेची घाण उचलायला जात, त्या संदर्भात अर्थ सोनखताचा : मैला उथळ चरात टाकून वर माती लोटायची. ‘कंपोस्ट’ असे स्पष्ट म्हटले असेल, तर बहुधा इंदूर पद्धत अभिप्रेत असते. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ च्या पुस्तकात ती मांडली. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताची माती आणि राख यांचे थर देऊन ढीग अधूनमधून उलथवला, की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

कारखान्यातल्या खतालाही तेव्हाच्या इंग्रजीत ‘आर्टिफिशियल मॅन्युअर’ म्हणत. सरकारी व्यवहारात पुढे ‘फर्टिलायझर’ रूढ झाला. १९५७ च्या खत नियंत्रण आदेशाच्या इंग्रजी नावात तोच आहे. सेंद्रिय खते मात्र २००६ मध्ये या नियंत्रणाखाली आली. प्रस्तुत भाषांतरात नुसते ‘खत’ हे कुजवलेल्या खतासाठीच वापरले आहे. इतरत्र ‘रासायनिक’ असे विशेषण जोडले आहे. — संपा.