ऑनलाइन वस्तू खराब निघाली, तर परत पाठवण्याचा टपालखर्च कुणी द्यायचा?

हिंगोली शहरात मागवलेली वस्तू खराब निघाली, तर बहुतेक वेळा कुरिअरचा माणूस घरी येऊन ती परत घेऊन जातो. पण सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी किंवा वसमत तालुक्यातल्या लहान गावात तीच वस्तू आली असेल, तर मोबाइलवर कधी कधी वेगळाच संदेश येतो: आपल्या पिनकोडवर पिकअप नाही, वस्तू स्वतः पाठवा. मग पोस्टात जायचे, पार्सल बांधायचे आणि पदरचे पैसे भरायचे. पुढे वस्तूची किंमत परत मिळते, पण टपालाचे पैसे तसेच राहतात. पाचशे रुपयांच्या कुर्त्यासाठी एवढी यातायात कोण करणार, म्हणून कित्येक घरांत फाटका कुर्ता आणि बंद पडलेले घड्याळ कपाटातच पडून राहते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार.

शाळेत पालक भेटले की हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. म्हणून त्याची सगळी माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. मुख्य गोष्ट एवढीच: दोष वस्तूत असेल, तर परतीचा टपालखर्चही मागता येतो. मात्र तो आपोआप मिळेलच असे नाही. तो वेगळा, लेखी आणि रकमेसह मागावा लागतो.

आधी कारण नीट निवडा

वस्तू परत करण्याची कारणे दोन प्रकारची असतात. एक, रंग आवडला नाही किंवा मन बदलले. अशा वेळी कंपनीची रिटर्न पॉलिसी चालते आणि टपालखर्च तुमच्यावर येऊ शकतो. दोन, वस्तू तुटलेली, बंद, नकली, जाहिरातीपेक्षा वेगळी किंवा दुसरीच आली. इथे चूक तुमची नाही, त्यामुळे भुर्दंडही तुमचा नाही.

ॲपवर रिटर्न टाकताना घाईत 'आवडले नाही' हा पर्याय दाबला जातो आणि पुढचा सगळा दावा कमजोर होतो. म्हणून 'सदोष', 'तुटलेली' किंवा 'वेगळी वस्तू आली' हाच पर्याय निवडा. मुलांच्या हातात मोबाइल देऊन रिटर्न टाकत असाल, तर त्यांनाही हे सांगून ठेवा.

कायदा काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. ऑनलाइन खरेदी करणाराही 'ग्राहक' आहे, असे या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याच महिन्यात ई-कॉमर्स नियम २०२० आले. त्यांतल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

• वस्तू सदोष, नकली किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही.

• स्वतःचा माल विकणाऱ्या वेबसाइटने रिटर्न, रिफंड आणि परत पाठवण्याचा खर्च यांची माहिती ग्राहकाला दिसेल अशी द्यायची आहे.

• प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क साइटवर द्यायचा आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.

'टपालखर्च विक्रेत्यानेच द्यावा' असे एकाच सरळ वाक्यात या नियमांत लिहिलेले नाही. इंग्लंडमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात तसे थेट लिहिले आहे: सदोष वस्तू नाकारली, तर ती परत पाठवण्याचा वाजवी खर्च व्यापाऱ्याचा. आपल्याकडे रस्ता थोडा वळणाचा आहे. विक्रेत्याच्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचे जे नुकसान झाले, त्याची भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. खराब माल आला नसता, तर तुम्ही पोस्टात गेलाच नसता. म्हणून टपालखर्च हे नुकसानच आहे, आणि ते तसेच मांडायचे.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून अबाया, दुपट्टे, ईदचे कपडे विकणारे पुष्कळ आहेत. नियमितपणे धंदा करणाऱ्यांना हे नियम लागू होतात. पण पत्ताच माहीत नसेल, तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? म्हणून पैसे पाठवण्याआधी दुकानाचे पूर्ण नाव आणि पत्ता घ्या, बिल मागा.

पार्सल पाठवण्याआधी

१. वस्तूचे, खोक्याचे आणि पत्त्याच्या लेबलचे फोटो काढा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तम.

२. कंपनीला लेखी कळवा: 'पिकअप पाठवा. ते शक्य नसेल, तर टपालखर्च किती आणि कसा परत देणार ते सांगा.' फोनवर बोलणे झाले, तरी तेच चॅट किंवा ईमेलवर पुन्हा लिहा.

३. पॉलिसी वाचा. स्वतः पाठवलेल्या पार्सलचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंतच देऊ, अशी अट काही कंपन्या घालतात. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त येणार असेल, तर पाठवण्याआधीच कळवा.

४. वाजवी सेवा निवडा. गरज नसताना सगळ्यात महागडे कुरिअर केले, तर तेवढी रक्कम मिळणे अवघड जाते.

पोस्टाने पाठवणार असाल, तर एक बदल लक्षात ठेवा. २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. खिडकीवर मिळणारी रसीद, म्हणजे पावती, हाच तुमचा खरा पुरावा. त्यावर ट्रॅकिंग क्रमांक आणि भरलेली रक्कम असते. छापील पावतीची शाई काही महिन्यांत उडू शकते, म्हणून लगेच फोटो काढून ठेवा. पार्सल पोहोचल्यावर ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉटही घ्या.

मागणी कशी लिहावी

भाषा साधी चालते. नमुना असा:

'ऑर्डर क्रमांक ____, दिनांक ____. मागवलेली वस्तू सदोष निघाली (फोटो सोबत). आपल्याकडून पिकअप न मिळाल्याने ती दिनांक ____ रोजी स्पीड पोस्टने परत पाठवली, ट्रॅकिंग क्रमांक ____. वस्तूची किंमत ____ रुपये, सुरुवातीचा डिलिव्हरी चार्ज ____ रुपये आणि परतीचा टपालखर्च ____ रुपये, अशी एकूण ____ रुपये रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. टपालाची पावती जोडली आहे.'

तिन्ही रकमा वेगवेगळ्या लिहा. नुसते 'पैसे परत द्या' म्हटले, की किंमत देऊन प्रकरण बंद केले जाते. कूपन किंवा वॉलेटमध्ये पैसे नको असतील, तर तेही स्पष्ट लिहा.

नकार आला तर

पहिली पायरी कंपनीचा तक्रार अधिकारी. तिथे काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, ती कंपनीशी बोलून मध्यस्थी करते. लहान रकमेसाठी कोर्टकचेरीआधी हा मार्ग जरूर वापरून पाहा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीचे ऑफिस बंगळुरू किंवा दिल्लीत असले, तरी तक्रार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपल्यासाठी हिंगोलीत. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही तक्रार दाखल करता येते. तक्रारीत किंमत आणि टपालखर्चासोबत व्याज, त्रासाची भरपाई आणि दाव्याचा खर्चही मागा.

रिफंडच्या नावाखाली फसवणूक

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी पिन किंवा ओटीपी मागितला, लिंक पाठवली, स्क्रीन शेअर करायला सांगितली, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. घरातल्या अम्मी-अब्बूंना आणि दादी-नानींना हे दोन्ही नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या: खरेदीच्या तक्रारीसाठी १९१५, फसवणुकीसाठी १९३०.

टपालाचे शंभर-दीडशे रुपये ही रक्कम लहान वाटते. पण रोजंदारीवर चालणाऱ्या घरात तेवढ्यात एका दिवसाचा भाजीपाला येतो. पावती जपून ठेवा आणि आपले पैसे मागायला संकोच करू नका.