कूतच्या वेढ्यातले खडकीचे कारागीर

पहिल्या महायुद्धातल्या नव्या शस्त्रांबद्दल काही वाचायला घेतलं की मॅक्झिम, क्रुप, फोकर ही नावं ओळीने भेटतात. ज्यांनी यंत्र शोधलं त्यांची ती नावं. ज्यांनी ते हाताने घडवलं, बिघडलं तेव्हा दुरुस्त केलं, आणि मिळेनासं झालं तेव्हा भंगारातून नवं उभं केलं, ते लोक कुठेच सापडत नाहीत. त्यांतले बरेच जण आपल्या खडकीचे होते. मी खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत टूलरूमला टर्नर होतो. निवृत्तीनंतर खराडीत राहायला आलो. इथल्या सोसायटीतली आयटीतली मुलं हुशार आहेत, पण त्या युद्धात इराकमधल्या कूतला कोंडली गेलेली फौज ‘पूना डिव्हिजन’ या नावाची होती, हे त्यांच्यातल्या एकालाही कुणी सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

खडकीचा कारखाना 1869 सालचा. त्या सुमाराला काळी दारू होती. बार उडाला की धुराचा लोट उठे आणि शिपाई कुठे बसलाय ते शत्रूला लगेच कळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डाइट आलं आणि लढाईच बदलली. धूर जवळजवळ नाही, गोळीचा पल्ला लांब, मारणारा माणूस दिसत नाही. हे कॉर्डाइट म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक कांड्या. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि शेकडा पाच भाग चक्क व्हॅसलीन. हिंदुस्थानात ते निलगिरीतल्या अरुवनकाडूला होई, तिथला कारखाना 1904 च्या सुमाराचा. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसात या कांड्यांची जुडी भरायची, ती पितळी केसची मान आवळण्याआधी. मान आधी अरुंद केली तर जुडी आत जाणारच नाही. म्हणजे जिवंत दारू पोटात घेतलेल्या केसची मान दाबून बारीक करायची, मग वर गोळी बसवायची. हे काम ज्याने केलं, त्याच्या हाताची स्थिरता काय असेल याची कल्पना यंत्रावर काम केलेल्यालाच येईल. जुन्या काडतुसाचं बूड उजेडात धरलं तर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं दिसतात, मध्ये सरकारी बाण. के म्हणजे किर्की, आपली खडकी.

खडकीतच बॉम्बे सॅपर्सचं ठाणं. त्या काळचं नाव थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. मराठे, शीख, मुसलमान असे शिपाई. नुसते बंदूकधारी नव्हेत, तर लोहारकाम, सुतारकाम, बांधकाम जाणणारे. 1914 च्या नोव्हेंबरात सहावी पूना डिव्हिजन तुर्कांशी लढायला शत-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे उतरली, महिना संपायच्या आत बसरा घेतलं. पुढच्या सप्टेंबरात कूत घेतलं. नोव्हेंबरात डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड बगदादच्या रोखाने टेसिफोनपर्यंत गेला, तिथे मार खाऊन परत फिरला आणि कूतमध्ये अडकला. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत वेढा. सॅपर्सच्या 17 आणि 22 नंबरच्या कंपन्या आत होत्या. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणीही.

कूत म्हणजे तैग्रिसच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव. तुर्की खंदक सरकत सरकत अगदी जवळ आले. इतक्या जवळच्या खंदकात मारा करायचा तर मैदानी तोफ कामाची नाही, तिचा गोळा डोक्यावरून पुढे जातो. त्याला उखळी तोफ लागते, जी गोळा उंच उडवून वरून खाली टाकते. ती आत नव्हती, आणि बाहेरून यायची वाट बंद. मग स्टेस नावाच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने एका निकामी विमानाच्या नोम इंजिनाचा सिलिंडर काढला आणि त्याचीच उखळी तोफ करवून घेतली.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा माझ्या धंद्याचा विषय. नोमचं इंजिन सात सिलिंडरांचं, पंख्यासकट अख्खं गरगर फिरणारं. वजन वाचावं म्हणून त्याचे सिलिंडर भरीव पोलादाच्या ठोकळ्यातून कातून काढत. आतला व्यास चार-पाच इंच, भिंत मात्र दीड-दोन मिलिमीटरच. इतक्या पातळ नळीत दारू घालून गोळा उडवायचा! चिमूटभर जास्त झाली तर नळी फुटून उडवणाराच जायचा, कमी पडली तर गोळा आपल्याच खंदकापुढे पडायचा. हे माप कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. बैठक ठोकणारे, बूड बंद करणारे, गोळे तयार करणारे हात कुणाचे होते? अधिकाऱ्याचं नाव पुस्तकांत आहे, आणि ते असायलाच हवं, कल्पना त्याची. पण कल्पनेला कानस त्याने एकट्याने लावली नाही.

हातबॉम्बचीही तीच गोष्ट. फ्रान्समध्ये 1914 च्या हिवाळ्यात हिंदी फौजेच्या सॅपर्सनी मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटक आणि लोखंडाचे तुकडे भरून, वात लावून बॉम्ब केले होते. खडकीच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या तिथेच होत्या. 28 ऑक्टोबरला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात त्या सत्तेचाळिसाव्या शीख पलटणीबरोबर गेल्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. डबाबॉम्बची तीच युक्ती कूतमध्ये कामी आली. 24 डिसेंबरला तुर्कांनी तिथल्या मातीच्या किल्ल्याची भिंत फोडली, तेव्हा ऑक्सफर्डशरच्या गोऱ्या पलटणीबरोबर 103 वी मराठा पलटण तिथे होती. अंधारात, दहा-वीस पावलांवर, असेच बॉम्ब फेकून त्यांनी किल्ला राखला.

मग विमानं आली. शत्रूची विमानं बॉम्ब टाकत, एक तर इस्पितळावर पडला. एप्रिलमध्ये उपासमार टोकाला गेली तेव्हा आपल्या बाजूची विमानं धान्याची पोती टाकू लागली. वेढलेल्या फौजेला आकाशातून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न. दळायला जात्याचे दगडसुद्धा वरून टाकले. पण हजारो तोंडं, आणि विमानं मोजकी, एका खेपेला काही मण वजन उचलणारी. पोती नदीत पडत, शत्रूच्या हद्दीत पडत. घोड्याचं मांस बऱ्याच हिंदी शिपायांनी बरेच दिवस टाळलं आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेलं, अनातोलियाकडच्या रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी परतलेच नाहीत.

बसऱ्याचं स्मारक 1929 साली उघडलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या पलटणींपुढे मात्र नुसता आकडा. एकूण तेहतीस हजारांहून जास्त माणसं अशी आकड्यात गेली. 2021 साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. मला त्या माफीने समाधान नाही. नावं पाहिजेत, आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस लोहार होता, सुतार होता की गवंडी, हेही लिहिलेलं पाहिजे.

पुणे, सातारा, रत्नागिरीकडच्या किती घरांत पणजोबांची ट्रंक अजून माळ्यावर असेल. त्यात पलटणीचा कागद, बिल्ला, पदक सापडलं तर विकू नका, आधी नीट वाचा. सॅपर्स अँड मायनर्सचा कागद असेल, साल 1915 किंवा 1916 असेल आणि कंपनी 17 किंवा 22, तर तुमचा पणजोबा बहुधा कूतमध्ये होता. त्याचं नाव, गाव आणि काम एका वहीत उतरवून ठेवा.